पिकअप म्हणजे शून्य ते शंभरच का?

नीरेकाठचा

नवी मोटरसायकल घ्यायची आहे. बजेट अडीच लाखांपर्यंत. रोजचा रस्ता लोणंद ते शिरवळ, सुट्टीला घरच्यांना मागे बसवून फलटण नाहीतर वाई. आतापर्यंत तीन शोरूम झाल्या. तिन्हीकडे मी "पिकअप कसा आहे?" एवढंच विचारलं आणि तिन्हीकडे उत्तर एकाच साच्यातलं: "सर, शून्य ते ताशी शंभर किमी इतक्या सेकंदांत." यूट्यूबवरही तेच. गाडी उभी, आरपीएम चढवलेले, क्लच सुटला, कोपऱ्यात घड्याळ पळतंय.

मला हा आकडा आता पटेनासा झालाय, त्याचं कारण सांगतो. गेल्या जानेवारीत रात्री साडेआठला वडिलांना घेऊन लोणंदकडे येत होतो. कारखान्यांचा हंगाम जोरात. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी एसटीपेक्षा जास्तच भरते. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून बाहेर निघालो. जुनी १५० सीसी गाडी चौथ्या गिअरमध्ये, वेग पस्तीसच्या आसपास. रेस दिली आणि गाडी नुसती गुरगुरली. दुसऱ्या ट्रॉलीच्या मधोमध असताना वळणातून टेम्पोचे दिवे आले. गिअर खाली टाकला, गाडीने खेचायला सुरुवात केली, पण तोवर वडिलांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला होता. कसाबसा आत आलो. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

त्या रात्री जे कमी पडलं ते शून्य ते शंभरमध्ये कुठे दिसतं? मी शून्यावर नव्हतो, शंभरला जायचं नव्हतं, एकटा नव्हतो. पस्तीस ते सत्तर, असलेल्या गिअरमध्ये, डबलसीट, एवढंच हवं होतं. तो आकडा कोणीच छापत नाही. मग गाडीची ताकद जोखायला शून्य ते शंभर अजून धरून ठेवण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चारशेदोन मीटर

दादा, वडील सुखरूप आले हे वाचून बरं वाटलं. पण दोष आकड्यावर ढकलू नकोस. चौथ्या गिअरमध्ये पस्तीसला ओव्हरटेक करायला निघणं ही चालवण्यातली चूक होती. आधी दोन गिअर खाली, मग बाहेर. शून्य ते शंभर चांगलं असलेली गाडी योग्य गिअरमध्ये पस्तीस ते सत्तरही झटकन जाते, कारण ताकद तीच असते.

मी ड्रॅग करतो, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ पाव मैलाची (४०२ मीटर) शर्यत, पट्टीवर. तिथे वर्षानुवर्षं एक गोष्ट शिकलोय: उभ्या गाडीपासूनची वेळ हा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे, फक्त तो नीट वाचता आला पाहिजे. ४०२ मीटरच्या शेवटी दोन आकडे मिळतात, वेळ आणि शेवटचा वेग. वेळ चांगली पण शेवटचा वेग कमी, म्हणजे गाडी जागेवरून चांगली सुटली, इंजिन बेताचं. वेग जास्त पण वेळ वाईट, म्हणजे इंजिनात दम आहे, चालवणाऱ्याने सुरुवातीला घालवलं. एका धावेत माणूस आणि यंत्र दोघांचा हिशेब लागतो. इन-गिअर चाचणीत, म्हणजे गिअर न बदलता वेग वाढवून घेतलेल्या वेळेत, हे कधीच कळत नाही.

नीरेकाठचा

चूक माझी होती हे मान्य, मनापासून. पण रोज त्या रस्त्याने माझ्यासारखी शेकडो माणसं जातात. मागे बायको-पोरं असतात, डोळ्यांवर समोरचा उजेड असतो. त्यांनी प्रत्येक वेळी अचूक गिअरमध्ये असावं ही अपेक्षा बरोबर असली तरी गाडी निवडताना मी त्या अपेक्षेवर विसंबून राहू का? थोडी चूक झाली तरी सांभाळून घेईल अशी गाडी मला हवी आहे.

गणिती

धागाकर्त्याचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे किती फरक पडतो ते दिसेल.

समजा ट्रक ताशी ६० किमीने चाललाय आणि तुम्ही त्याच्या मागे त्याच वेगात आहात. पुढे सुरक्षित अंतर ठेवून आत यायचं तर ट्रकच्या तुलनेत साधारण ५० मीटर जास्त कापावे लागतात. तुम्ही ९० पर्यंत वेग वाढवता आणि तिथे धरता. एक गाडी ६० ते ९० चार सेकंदांत जाते, दुसरी नऊ सेकंदांत. पहिल्या गाडीला पूर्ण ओव्हरटेकला ८ सेकंद लागतात, दुसरीला साडेदहा. फक्त अडीच सेकंद, असं वाटेल. आता समोरून ८० ने येणारं वाहन धरा. पहिल्या गाडीला समोर साधारण ३६० मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसरीला ४६० मीटर. म्हणजे शंभर मीटरचा फरक, आणि आपल्या दुपदरी राज्य मार्गांवर दोन वळणांमधला सरळ तुकडा बऱ्याच ठिकाणी एवढाही नसतो.

मागे माणूस बसला की हिशेब आणखी बिघडतो. १५० किलोची गाडी आणि ६५ किलोचा चालक, एकूण २१५. मागे ६० किलोची व्यक्ती बसली की २७५. वस्तुमान २८ टक्क्यांनी वाढलं, तेवढ्याच ताकदीत पिकअप त्या प्रमाणात पडला. छापलेला शून्य ते शंभर एकट्या चालकाचा असतो, आणि तोही बहुधा सडपातळ.

जुना आरएक्स

माझ्याकडे १९९१ ची यामाहा आरएक्स १०० आहे, अजून चालू. ९८ सीसी, ११ पीएस (अश्वशक्ती), वजन जेमतेम शंभर किलोच्या पुढे. चार गिअर. आजच्या कागदावर हे आकडे १२५ सीसीच्या कम्युटरचे वाटतील. पण ज्यांनी ती चालवली त्यांना विचारा. कान पिळला की मधल्या आरपीएमनंतर एक धक्का यायचा, पुढचं चाक हलकं व्हायचं. "पिकअप" हा शब्द आपल्याकडे त्या धक्क्यासाठीच रूढ झाला असं मला वाटतं.

आणि एक लक्षात घ्या, तेव्हा आपल्याकडे शून्य ते साठ पाहायचे. शंभर सीसीच्या गाड्यांना शंभरचा वेग गाठतानाच दम लागायचा, मग तिथपर्यंतची वेळ कोण मोजणार? करिझ्मा २००३ मध्ये आली तेव्हाही जाहिरातीत शून्य ते साठ ३.८ सेकंद असंच होतं. शंभरचा आकडा नंतर रुळला. म्हणजे मोजपट्टी काही आकाशातून पडलेली नाही. गाड्या बदलल्या तशी बदलली, आता पुन्हा बदलायला हरकत नसावी.

पानाबोल्ट

काका, आरएक्सबद्दल एकदम सहमत. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे, महिन्याला दोन-तीन आरएक्स अजून येतात.

गॅरेजच्या बाजूने सांगतो. शून्य ते शंभरमध्ये गिअरिंगचा खेळ फार असतो. काही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये ९६-९८ ला रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) गाठतात. शंभरला जायला तिसरा टाकावाच लागतो, त्यात पाव-अर्धा सेकंद गेला. शेजारच्या गाडीचा दुसरा गिअर १०३ पर्यंत जातो, ती कागदावर जिंकली. रस्त्यावर दोघींत काहीच फरक नाही. परदेशातला शून्य ते साठ मैल म्हणजे ९६.६ किमी, त्यामुळे तोच आकडा आपल्या शंभरशी जुळवू नका.

गिऱ्हाईक येतं, "पिकअप वाढवून द्या" म्हणतं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दातांचं असेल तर १४ चं बसवलं की मागच्या चाकाला प्रत्येक गिअरमध्ये साधारण ७ टक्के जास्त जोर मिळतो. गाडी लगेच हलकी वाटते. त्याची किंमत म्हणजे त्याच वेगाला आरपीएम ७ टक्के जास्त, हायवेला कंपनं, ॲव्हरेज खाली. तुमच्यासारखा रोजचा चाळीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता असेल तर आधी मूळ गिअरिंगवरच गाडी निवडा, दात नंतर बघू. आणि ज्या गाड्या मीटरचा वेग गिअरबॉक्सवरून घेतात, त्यांचा मीटर दात बदलल्यावर चुकीचा दाखवतो, हे कोणी सांगत नाही.

आणखी एक. शून्य ते शंभर घेताना क्लच जसा सोडतात तसा रोज सोडला तर क्लच प्लेटा वर्षभरही टिकणार नाहीत. जो आकडा गाठायला गाडीची नासाडी करावी लागते तो गिऱ्हाइकाच्या कामाचा किती, हा विचार मी दर वेळी करतो.

चारशेदोन मीटर

पानाबोल्टदादा, मीटरवरून आठवलं. यूट्यूबवरचे निम्मे आकडे गाडीच्या स्पीडोमीटरवर घेतलेले असतात. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालतं, असा युरोपातला नियम आहे. दहा टक्के आणि वर चार किमीपर्यंत मोकळीक. म्हणजे मीटरवर शंभर दिसले तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९३-९४ ला असू शकते. शेवटचे सहा-सात किमी हेच सगळ्यात जास्त वेळ खातात. जीपीएसवर घेतलेला आणि मीटरवर घेतलेला आकडा शेजारी ठेवून भांडू नये. अमेरिकेतली पद्धत आणखी वेगळी, तिथे गाडी साधारण एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं. त्यात पाव सेकंद वाचतो.

तरीही म्हणतो, एकाच संस्थेने, एकाच चालकाने, एकाच उपकरणाने घेतलेले आकडे असतील तर तुलना चोख होते.

कोथरूडची अनु

मी इलेक्ट्रिक स्कूटर चालवते, एथर ४५० एक्स. कंपनी आकडा देते तो शून्य ते चाळीसचा, ३.३ सेकंद. मला तोच हवा होता. नळ स्टॉपच्या सिग्नलवरून सुटल्यावर बस आणि रिक्षांच्या घोळक्यातून पहिल्या पन्नास मीटरमध्ये बाहेर पडायचं असतं, कारण उजवीकडून-डावीकडून गाड्या घुसतात तिथेच बायकांच्या स्कूटरला धक्के बसतात. पूर्वीच्या ११० सीसी स्कूटरवर मी त्या घोळक्यात अडकायचे. आता नाही. गिअर नाही, क्लच नाही, पहिल्या इंचापासून पूर्ण जोर.

म्हणजे आकडा महत्त्वाचा आहेच, पण ज्याच्या त्याच्या रस्त्याचा. माझा शून्य ते चाळीस, नीरेकाठच्या दादांचा पस्तीस ते सत्तर. एक मात्र विचारून घ्या: बॅटरी खाली उतरली की बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या ताकद कमी करतात. पूर्ण चार्जवरचा आकडा वीस टक्क्यांवर मिळत नाही.

गणिती

अनुताईंचा प्रतिसाद फार आवडला. मोठ्या गाड्यांच्या बाजूने मात्र शून्य ते शंभर जवळपास निकालात निघालाय, त्यामागचं भौतिकशास्त्र लिहितो.

ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. तीन सेकंदांत तिथे पोचायचं तर त्वरण ९.३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळजवळ एक ‘जी’, खाली पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाइतकं. आता मोटरसायकलला मर्यादा इंजिन घालत नाही, पुढचं चाक घालतं. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्य आडव्या रेषेत जितका पुढे आहे, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. चालकासकट दोन्ही साधारण सत्तर सेंटीमीटर धरले तर उत्तर एक. म्हणजे एक ‘जी’च्या वर गेलात की पुढचं चाक उचललंच. मग इंजिन १५० पीएसचं असो की २०० पीएसचं, लिटर क्लासच्या (साधारण १००० सीसीच्या) गाड्या तीन सेकंदांच्या आसपास येऊन थांबतात. म्हणूनच ड्रॅगवाले मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांब करतात, गाडी खाली बसवतात. सुझुकी हायाबुसाचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४८० मिलिमीटर आणि बसका बांधा, तिला ड्रॅग पट्टीवर इतकी वर्षं मान आहे तो त्यामुळेही.

त्याच हायाबुसाची २०२१ ची आवृत्ती पाहा. कमाल ताकद आधीच्या १९७ पीएसवरून १९० वर आणली आणि मधल्या आरपीएमचा जोर भरला. ज्या गाडीची सगळी कीर्ती वेगावर उभी आहे, तिच्याच अभियंत्यांनी शिखराचा आकडा सोडून मधल्या पट्ट्याकडे लक्ष दिलं.

नीरेकाठचा

हे पुढच्या चाकाचं गणित मला माहीतच नव्हतं. धन्यवाद सर. पण माझ्या बजेटच्या गाड्यांना तर पुढचं चाक उचलायची भीती नाही. तिथे काय बघू? टॉर्क?

गणिती

टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती यापेक्षा तो कोणत्या आरपीएमला, हे बघा. दोन टोकांची उदाहरणं देतो. पल्सर एनएस २०० ला १८.७ एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं एकक), पण ८००० आरपीएमला. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ला २७ एनएम, ४००० आरपीएमला. शून्य ते शंभरमध्ये एनएस पुष्कळ पुढे, कारण ताकद २४.५ पीएस विरुद्ध २०.२ आणि वजनही बरंच कमी. पण गिअर न बदलता, कमी आरपीएमवरून रेस दिल्यावर एनएसला आपल्या जोराच्या पट्ट्यात यायला वेळ लागतो, क्लासिक तिथे आधीपासूनच असते. दोन्ही गाड्या आपापल्या जागी चांगल्या. फक्त नुसत्या टॉर्कवरही जाऊ नका, चाकाला मिळणारा जोर टॉर्क गुणिले गिअरिंग असतो. म्हणून शेवटी घड्याळ लावून मोजणं हाच मार्ग.

चारशेदोन मीटर

एनएसवर दोन गिअर खाली टाकले की ती क्लासिकला मागे टाकून निघून जाते, हे तुम्हालाही माहीत आहे.

गणिती

हो, आणि मी ते नाकारत नाही. धागाकर्त्याचा प्रश्न गिअर खाली टाकायला उशीर झाला तर काय, हा आहे.

हॅम्बुर्गकर

जर्मनीतून. इथे वेगाची मर्यादा नसलेले ऑटोबानचे (इथल्या द्रुतगती महामार्गांचे) पट्टे आहेत, तरीही इथली मंडळी शून्य ते शंभरपेक्षा वरच्या गिअरमधली ओढ बघतात. दुसरं असं की इथे ए-टू परवान्याला (मध्यम ताकदीच्या मोटरसायकलींच्या परवान्याला) ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ४७.५ पीएस, आणि किलोमागे ०.२ किलोवॉट. इंटरसेप्टर ६५० चे ४७ पीएस, नव्या ३९० ड्यूकचे ४६ पीएस, हे आकडे त्या रेषेला इतके खेटून आहेत ते पाहा. एकीत ५२ एनएम आणि २०० किलोंच्या वर वजन, दुसरीत ३९ एनएम आणि १७० च्या आत. ताकद जवळपास सारखी, स्वभाव पूर्ण वेगळे. नवशिक्या मित्राला गाडी सुचवताना मी या दोघींचा शून्य ते शंभर कधीच सांगत नाही.

थंड वाळवंट

लडाखला तीनदा गेलोय. लेह ३५०० मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के. तुमच्या गाडीची ताकदही त्याच मानाने उतरते. पुण्यात घेतलेला कुठलाही आकडा तिथे विसरायचा. तिथे खालच्या आरपीएमला ओढणारी गाडीच देव.

जुना आरएक्स

सगळे पिकअपवर बोलताय म्हणून थांबण्याबद्दल लिहितो. ऐंशीच्या दशकात राजदूत ३५० आली. हाय टॉर्क आवृत्तीला तीस पीएसच्या वर ताकद, त्या काळातल्या रस्त्यांवर तिच्या जवळ जाणारं काही नव्हतं. आणि मूळ जपानी गाडीची पुढची डिस्क काढून आपल्याकडे ड्रम ब्रेक दिला होता. माझ्या गल्लीतला एक जण त्या गाडीवर गेला. तेव्हापासून कुठल्याही गाडीचा शून्य ते शंभर ऐकला की मी शंभर ते शून्य विचारतो.

एक ‘जी’ने ब्रेक लागला तर शंभरवरून थांबायला ३९ मीटर, ०.८ ने ४९, ०.६ ने ६६. चांगल्या-वाईट टायर-ब्रेकमधला हा फरक दोन एसटी बसच्या लांबीएवढा आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ पासून सक्तीचा झाला, फार बरं झालं, पण एबीएस आहे म्हणून अंतर कमी होतंच असं नाही. टायर कोणता, डिस्क केवढी, हे विचारा.

कोथरूडची अनु

आजवर कुठल्याही शोरूममध्ये मला ब्रेकिंगचा आकडा कुणी आपणहून सांगितलेला नाही. आणि एक: आपल्याकडे दुचाकीला चौपदरी महामार्गावरही मर्यादा ताशी ८० आहे, शहरात ६०. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर दुचाकी नेताच येत नाही. म्हणजे विक्रीसाठी जो आकडा पुढे करतात, तो कायद्याने कुठल्याच रस्त्यावर पूर्ण गाठता येत नाही.

चारशेदोन मीटर

ताई, हे बरोबर आहे. म्हणूनच मी पोरांना सांगतो, पट्टीवर या, रस्त्यावर घड्याळ लावू नका.

नीरेकाठचा, तुझ्यासाठी मी माझी पद्धत बदलून सांगतो. टेस्ट राइडला मोकळा, सरळ, रहदारी नसलेला रस्ता निवड. फोनवर जीपीएसचं ॲप, फोन मागच्या माणसाच्या हातात. तिसरा गिअर, ३० ला गाडी स्थिर धर, मग पूर्ण रेस, ७० ला सोड. दोन्ही दिशांनी करून सरासरी काढ, म्हणजे चढ-वारा जुळतो. हेच चौथ्या गिअरमध्ये ४० ते ७०. दोन्ही गाड्यांवर मागे तोच माणूस बसव. शून्य ते शंभर करू नकोस, शोरूमच्या गाडीचा क्लच जाळायचा आपल्याला हक्क नाही.

नीरेकाठचा

केलं. रविवारी सकाळी सातला, मागे सौ. आणि फोन तिच्या हातात. एक शोरूम डबलसीट टेस्ट राइडला तयार नव्हती, ती यादीतून काढली. उरलेल्या दोन गाड्या, नावं मुद्दाम लिहीत नाही.

कागदावर शून्य ते शंभरमध्ये पहिली गाडी जवळपास दीड सेकंदाने पुढे. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ७० ला दोघी जवळजवळ बरोबरीत. चौथ्या गिअरमध्ये ४० ते ७० ला मात्र दुसरी सरासरी एक सेकंद आणि थोडं आधी पोचली. पहिली खालून थरथरत वर आली, दुसरी आवाजही न वाढवता निघाली. सौ. म्हणाली, पहिल्या गाडीवर पाठीला झटका बसला, दुसरीवर कळलंच नाही आणि आकडा कमी आला. ब्रेकही दोन-तीनदा जोरात लावून पाहिले. दुसरीचं पुढचं टायर जास्त रुंद आहे, थांबताना गाडी सरळ राहिली.

दुसरी बुक केली. मागची सीट वडिलांसाठी जरा उंच आहे, पानाबोल्टदादांना फोनवर विचारलं, ते म्हणाले सीटचा फोम कमी करून देतो, स्प्रॉकेटला हात लावू नका. डिलिव्हरी दसऱ्याला. कारखान्याचा बॉयलर पेटून ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत गाडी घरी असेल, आणि पहिला आठवडा मी वडिलांना मागे बसवून दिवसाउजेडीच त्याच रस्त्याने जाणार आहे.